अमेरिकी कॉमिकच्या मुखपृष्ठकाराची कारकीर्द कशी अभ्यासावी : नील अ‍ॅडम्स यांच्या कामाच्या आधारे

एखाद्या चित्रकाराची मुखपृष्ठे आवडण्यासाठी डोळे पुरतात, पण त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर हाताशी वही घेऊन बसावे लागते. अमेरिकी कॉमिकच्या बाबतीत ही वही विशेष काटेकोरपणे ठेवावी लागते. तिथे एका मुखपृष्ठावरून चार-पाच जणांचे हात फिरलेले असतात, जुन्या अंकांत त्यांची नावे क्वचितच छापलेली असतात, आणि अंकावर छापलेला महिनाही खऱ्या विक्रीचा महिना नसतो. अशा परिस्थितीत नुसती यादी केली तर ती लांबते, पण तिच्यातून माणूस दिसत नाही. मुखपृष्ठकाराची कारकीर्द त्याच्या रेषेत जितकी असते, तितकीच ती संपादक, प्रकाशक आणि अंक विकणारा दुकानदार यांच्याशी चाललेल्या व्यवहारात असते. हा व्यवहार कसा शोधावा आणि कसा नोंदवावा, हे पुढे नील अ‍ॅडम्स यांचे उदाहरण घेऊन सांगितले आहे.

अ‍ॅडम्स (१९४१–२०२२) यांची निवड सोयीची आहे. १९६७ पासून पुढची काही वर्षे डीसी कॉमिक्सच्या मुखपृष्ठांवर त्यांची छाप होती, त्याच काळात ते आतली पानेही काढत होते, त्यांचे सुरुवातीचे शिक्षण जाहिरातीत झाले होते, आणि चित्रकारांच्या हक्कांसाठी ते उघडपणे भांडले. एकाच माणसाच्या नोंदींत या साऱ्या बाजू सापडतात.

वही कशी आखावी

प्रत्येक मुखपृष्ठासाठी एक ओळ ठेवावी. मालिकेचे नाव व अंक क्रमांक, छापलेला महिना, प्रत्यक्ष विक्रीचा महिना, मूळ कल्पना किंवा मांडणी कोणाची, पेन्सिल कोणाची, शाई कोणाची, अक्षरे कोणाची, आतल्या कथेचे चित्रकार कोण आणि मूळ चित्र सध्या कुठे आहे, असे रकाने आखावेत. शेवटी एक रकाना ‘आधार’ या नावाने ठेवावा आणि तो कधीही रिकामा सोडू नये. नाव कशावरून लिहिले, म्हणजे चित्रावरच्या सहीवरून, संपादकीय नोंदीवरून, मुलाखतीवरून की केवळ स्वतःच्या नजरेवरून, हे त्यात लिहावे. वर्षभराने वही उघडल्यावर कोणत्या नोंदीवर विसंबायचे आणि कोणती पुन्हा तपासायची, हे या रकान्यावरूनच कळते.

सुरुवातीच्या यादीसाठी ग्रँड कॉमिक्स डेटाबेस हा स्वयंसेवकांनी उभारलेला संग्रह उपयोगी पडतो. तिथली माहिती बहुतांशी काळजीपूर्वक दिलेली असते, परंतु जुन्या अंकांच्या बाबतीत तीही पुष्कळदा जाणकारांच्या नजरेवर आधारलेली असते. त्यामुळे तिला शेवटचा निवाडा न मानता पहिला मसुदा मानावा.

छापलेला महिना

पहिली चूक इथे होते. अमेरिकी कॉमिकवर छापलेला महिना हा अंक दुकानात येण्याच्या महिन्यापेक्षा साधारण दोन-तीन महिने पुढचा असे. सुपरमॅन ज्या अंकात प्रथम अवतरला, त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून १९३८ असे छापलेले आहे, पण तो एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. हेतू असा की विक्रेत्याने अंक जुना समजून लवकर मांडणीवरून उतरवू नये. न खपलेल्या प्रतींचे पैसे विक्रेत्याला परत मिळत, आणि त्यासाठी तो पूर्ण अंक न पाठवता मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून पाठवत असे. चित्रकाराने जीव ओतून काढलेले मुखपृष्ठ अशा रीतीने रद्दीच्या हिशेबाची पावती ठरत असे, ही गोष्ट मुखपृष्ठकाराचा अभ्यास करणाऱ्याने डोळ्यांआड करू नये.

तारखांचा काटेकोरपणा कुठे कामाला येतो, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘ग्रीन लँटर्न’च्या ८५ व्या अंकाचे अ‍ॅडम्स यांचे मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. त्यावर ग्रीन अ‍ॅरो या धनुर्धारी नायकाचा तरुण सहकारी स्पीडी हा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला उघड दिसतो. त्या अंकावर ऑगस्ट-सप्टेंबर १९७१ असे छापलेले असून वरच्या कोपऱ्यात कॉमिक्स कोड अ‍ॅथॉरिटीचा, म्हणजे अंक नियमांत बसतो की नाही हे तपासणाऱ्या मंडळाचा, शिक्काही आहे. त्याच वर्षी मे ते जुलै या महिन्यांच्या ‘स्पायडर-मॅन’च्या ९६ ते ९८ या तीन अंकांत मात्र याच विषयामुळे तो शिक्का नव्हता. या दोन घटनांच्या मधल्या काळात १९५४ पासून चालत आलेल्या नियमावलीतले अमली पदार्थांविषयीचे कलम सैल झाले होते. तारखा शेजारी शेजारी मांडल्या नाहीत, तर अ‍ॅडम्स यांनी नियम धाब्यावर बसवला असे कोणीही लिहून जाईल. प्रत्यक्षात ते चित्र नियम बदलल्यानंतर रीतसर परवानगीने छापले गेले. त्यामुळे त्याचे धाडस कमी होत नाही, पण ते कशात होते हे नेमके कळते.

कॉमिकच्या आधीची वर्षे

मुखपृष्ठकाराची शैली त्याच्या पहिल्या मुखपृष्ठापाशी सुरू होत नाही, म्हणून मागे जावे. अ‍ॅडम्स यांचा जन्म १५ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर, लष्करी नोकरीतल्या कुटुंबात झाला. मॅनहॅटनच्या स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्टमधून ते १९५९ साली बाहेर पडले आणि डीसीकडे काम मागायला गेले, पण तिथे त्यांची डाळ शिजली नाही. आर्चीच्या विनोदी अंकांसाठी त्यांनी काही पाने काढली. पुढे ते जॉनस्टन अँड कुशिंग या जाहिरात संस्थेकडे वळले. ही संस्था कॉमिकच्या धर्तीवर जाहिराती तयार करून देत असे.

माझ्या मते या वर्षांवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण पुढच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली इथेच सापडते. जाहिरातीतला चेहरा खऱ्या माणसाचा वाटावा लागतो, कपड्याची घडी खरी वाटावी लागते, आणि ग्राहकाने दिलेली मुदत टळून चालत नाही. ही शिस्त अंगी मुरल्यावर, २६ नोव्हेंबर १९६२ पासून, अ‍ॅडम्स दूरचित्रवाणीवरच्या एका डॉक्टरच्या मालिकेवर आधारलेली ‘बेन केसी’ ही वृत्तपत्रीय चित्रपट्टी रोज काढू लागले. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. ती चित्रपट्टी जुलै १९६६ च्या अखेरीस संपली. जवळजवळ पावणेचार वर्षे रुग्णालयातली माणसे, त्यांचे हात, थकलेले डोळे आणि बोलतानाची मानेची ठेवण रोज काढणारा माणूस अतिमानवांच्या कथांकडे आला, तेव्हा त्याच्या अतिमानवांनाही हाडेमांस आले यात नवल नाही.

अभ्यासकाने या चित्रपट्ट्यांच्या छापील प्रती मिळवाव्यात. त्यांत चेहरे, हात आणि समोरून रोखून येणारी अंगे, म्हणजे ज्यांत जवळचा अवयव मोठा आणि दूरचा लहान दिसतो अशा आकृती, वेगळ्या काढून ठेवाव्यात आणि नंतरच्या मुखपृष्ठांशी ताडून पाहाव्यात. पुढे वॉरेन प्रकाशनाच्या कृष्णधवल भयकथांच्या मासिकांत अ‍ॅडम्स यांनी जे काम केले, तेही याच गठ्ठ्यात ठेवावे. तिथे रंगाचा आधार नव्हता, त्यामुळे प्रकाश आणि सावली यांवरच सारे तोलून धरावे लागत होते.

मुखपृष्ठ कोणाचे?

मुखपृष्ठावरची सही पाहून सगळे श्रेय सही करणाऱ्याला देण्याचा मोह आवरावा. १९५० आणि १९६० च्या दशकांत डीसीमध्ये पुष्कळदा मुखपृष्ठ आधी ठरत असे आणि कथा नंतर लिहिली जात असे. संपादक जुलियस श्वार्ट्झ हे लेखकाबरोबर बसून आधी एखादे चक्रावून टाकणारे दृश्य ठरवत आणि मग त्या दृश्याचा उलगडा करणारी कथा लिहून घेत. १९५१ साली ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’च्या एका मुखपृष्ठावर गोरिला आला, तो अंक चांगला खपला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे डीसीच्या निरनिराळ्या मुखपृष्ठांवर गोरिलांची वर्दळ सुरू राहिली. गोरिला कोणी चांगला काढला याची चर्चा करण्यापूर्वी तो तिथे का आला, हे नोंदवलेले बरे.

१९६६-६७ च्या सुमारास डीसीच्या मुखपृष्ठांच्या मांडणीची जबाबदारी कार्माइन इन्फॅन्टिनो यांच्याकडे आली. ते स्वतः कसलेले चित्रकार होते आणि पुढे संस्थेचे प्रकाशक झाले. ऑगस्ट १९६६ च्या ‘फ्लॅश’ १६३ वरचे त्यांचे मुखपृष्ठ पाहावे. त्यात नायक तळहात पुढे करून थेट ग्राहकालाच थांबवतो आणि हा अंक सोडून जाऊ नका, माझा जीव यावर अवलंबून आहे, अशी विनवणी करतो. दुकानाच्या मांडणीसमोर क्षणभर थबकणाऱ्या मुलाचा इतका उघड विचार करणारे मुखपृष्ठ विरळाच. इन्फॅन्टिनो इतरांसाठी मुखपृष्ठांचे कच्चे आराखडे काढून देत आणि अ‍ॅडम्स, निक कार्डी यांच्यासारखे चित्रकार ते पुरे करत. अ‍ॅडम्स यांची डीसीसाठी पहिली मुखपृष्ठे ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ ३५६ आणि ‘लोइस लेन’ ७९ या अंकांची असून दोन्हींवर नोव्हेंबर १९६७ छापलेले आहे. म्हणजे अ‍ॅडम्स यांचा डीसीतला प्रवेश आणि इन्फॅन्टिनो यांच्या हाती आलेली सूत्रे या एकाच काळातल्या घटना आहेत, आणि त्या एकमेकींपासून तोडून लिहिता येत नाहीत.

मांडणी कोणाची हे ओळखण्यासाठी इन्फॅन्टिनो यांनी स्वतः काढलेली ‘फ्लॅश’ची पाने आधी भरपूर पाहावीत. क्षितिज खाली ठेवून वरची जागा मोकळी सोडण्याची त्यांची सवय डोळ्यांत बसली की इतरांच्या सहीच्या चित्रांतही तिचा माग लागू शकतो. मात्र हा केवळ तर्क आहे, म्हणून ‘आधार’ रकान्यात ‘स्वतःची नजर’ असेच प्रामाणिकपणे लिहावे.

१९७८ सालचा सुपरमॅन आणि मोहम्मद अली यांच्या सामन्याचा मोठ्या आकाराचा अंक हेही या दृष्टीने पाहण्याजोगे उदाहरण आहे. पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंवर पसरलेल्या त्या मुखपृष्ठावर मुष्टियुद्धाच्या रिंगणाभोवती प्रसिद्ध व्यक्तींची गर्दी बसलेली दिसते. चेहरे अ‍ॅडम्स यांचे आहेत, पण रिंगणाची मूळ मांडणी जो क्युबर्ट या चित्रकाराच्या आराखड्यातून आली होती. गर्दीतले ओळखीचे चेहरे मोजण्याच्या नादात हे सहज निसटते.

नाकारलेली मुखपृष्ठेही शोधावीत, कारण संपादकाचा हात सर्वांत स्पष्टपणे तिथे दिसतो. मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ ५६ (मे १९६९) साठी अ‍ॅडम्स यांनी आधी असे चित्र काढले होते की नायकांना मालिकेच्या नावाच्या अक्षरांनाच बांधून ठेवलेले आहे. कल्पना भन्नाट होती, परंतु अक्षरे झाकली जातात म्हणून प्रकाशकाने ती मान्य केली नाही आणि दुसरे चित्र काढावे लागले. दुकानात रचून ठेवलेल्या अंकांचा बहुधा वरचाच भाग दिसत असे, हे लक्षात घेतले तर प्रकाशकाचा नकार अरसिकपणाचा वाटला तरी अडाणीपणाचा म्हणता येत नाही.

शाई ओळखणे

पेन्सिलचे रेखाटन एकाने करायचे आणि त्यावर शाई दुसऱ्याने फिरवायची, ही अमेरिकी कॉमिकची रीत आहे. शाई म्हणजे नुसते गिरवणे अशी अनेकांची समजूत असते. ती घालवण्याचा सोपा उपाय म्हणजे एकाच चित्रकाराची दोन वेगवेगळ्या हातांनी शाई केलेली पाने शेजारी ठेवून पाहणे. ‘बॅटमन’ २३२ (जून १९७१), ज्यात रा’स अल गुल हा खलनायक प्रथम येतो, त्या अंकात अ‍ॅडम्स यांच्या रेखाटनावर डिक जिओर्डानो यांची शाई आहे. ‘एक्स-मेन’ आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या पानांवर टॉम पामर यांची शाई आहे. जिओर्डानो यांची रेषा स्वच्छ आणि ठाम असून काळे भाग नेटके बांधलेले असतात, तर पामर यांच्या शाईत मधल्या छटा, जाळी आणि पोत यांची रेलचेल असते आणि चित्र रंगवल्यासारखे भरीव वाटते. दोन्ही पानांवरचे फक्त केस, कापडाच्या चुण्या आणि डोळ्यांखालच्या सावल्या भिंगातून पाहाव्यात. पंधरा-वीस पाने अशी पाहून झाली की फरक सांगावा लागत नाही.

एक खाचखळगा आहे. काही अंकांत शाईच्या जागी ‘क्रस्टी बंकर्स’ असे नाव आढळते. ते कोणा एका माणसाचे नाव नाही. अ‍ॅडम्स आणि जिओर्डानो यांच्या स्टुडिओत येणारेजाणारे अनेक चित्रकार घाईच्या वेळी मिळून शाई करत आणि ते काम या सामूहिक नावाने जाई. अशा पानाची शाई एकाच्या नावावर टाकू नये.

अक्षरांचा रकाना लोक सहसा सोडून देतात, आणि तसे करू नये. डीसीच्या त्या काळातल्या असंख्य मुखपृष्ठांवरची अक्षरे गॅस्पर सॅलाडिनो यांची आहेत, आणि चित्राकडे वळण्याआधी ग्राहकाची नजर पुष्कळदा त्यांच्यावरच ठरत असे.

मुखपृष्ठ एकाचे, आतली पाने दुसऱ्याची

‘सुपरमॅन’ २३३ (जानेवारी १९७१) या अंकाचे मुखपृष्ठ अ‍ॅडम्स यांच्या गाजलेल्या चित्रांपैकी एक आहे. छाती फुगवून सुपरमॅन क्रिप्टोनाइटच्या, म्हणजे त्याची शक्ती हरण करणाऱ्या खनिजाच्या, साखळ्या तोडतो आहे आणि कड्या उडताहेत, असे ते दृश्य आहे. मीही कित्येक वर्षे हा सगळा अंक अ‍ॅडम्स यांचाच समजत होतो आणि वहीत तसे लिहूनही ठेवले होते. पुढे अंक प्रत्यक्ष उघडून पाहिला तेव्हा आतली कथा कर्ट स्वॉन आणि मर्फी अँडरसन यांनी काढलेली निघाली. ‘बॅटमन’ २२७ (डिसेंबर १९७०) चेही तसेच आहे. मुखपृष्ठ अ‍ॅडम्स यांचे असून आतली पाने अर्व्ह नोव्हिक यांची आहेत.

मराठी वाचकाला ही गोष्ट खरे तर नवी वाटू नये. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाच्या अमेरिकी चित्रपट्ट्या आत छापल्या जात असत आणि त्यांवरची रंगीत मुखपृष्ठे बी. गोविंद यांच्यासारखे भारतीय चित्रकार रंगवत असत. ज्यांनी ते अंक जपून ठेवले आहेत, त्यांनी एकदा मुखपृष्ठ आणि पहिले पान शेजारी ठेवून पाहावे. दोन हातांमधले अंतर ओळखण्याचा सराव घरबसल्या होईल.

हाताने अभ्यास

पाहणे आणि वाचणे यांबरोबर प्रत्येक महत्त्वाच्या मुखपृष्ठाची एक छोटी नक्कल स्वतः काढावी. चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही. साधारण ६ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच चौकट आखावी. हे दोनास तीन प्रमाण योगायोगाने घेतलेले नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मूळ चित्रे १० बाय १५ इंच अशाच मापाने काढली जाऊ लागली. त्यापूर्वी ती बरीच मोठी, साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंचांची असत आणि छपाईत लहान केली जात. अ‍ॅडम्स नेमके या बदलाच्या वेळी डीसीत आले. कागद लहान झाल्यावर प्रत्येक चित्रकाराच्या बारीक रेषेचे काय झाले, हे त्या एक-दोन वर्षांचे अंक शेजारी ठेवून तपासणे हा एक स्वतंत्र आणि सुरस उद्योग आहे.

चौकटीचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग मालिकेचे नाव, किंमत आणि शिक्का यांच्यासाठी सोडावा. मग डोळे किलकिले करून मूळ मुखपृष्ठ पाहावे आणि फक्त काळे आकार भरावेत. चेहरा, बोटे, पट्टे काहीही काढू नये. ‘सुपरमॅन’ २३३ बाबत असे केल्यावर लक्षात येते की चित्राचा सारा भार मधोमध आहे आणि तुटलेल्या कड्या त्या मध्यापासून चारी दिशांना फेकल्या गेल्या आहेत. ‘ग्रीन लँटर्न’ ७६ (एप्रिल १९७०) वर ग्रीन अ‍ॅरोच्या बाणाने फुटणारा कंदील आहे, आणि मालिकेच्या नावातलाच कंदील फोडून मालिकेचे वळण बदलत असल्याचे त्या चित्रातूनच सांगितलेले आहे.

नकलेचा आणखी एक उपयोग आहे. ‘बॅटमन’ २२७ चे मुखपृष्ठ हे सप्टेंबर १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ३१ च्या मुखपृष्ठाला दिलेली जाणीवपूर्वक दाद आहे. दोन्हींत खालच्या वास्तूवर बॅटमनची प्रचंड आकृती आकाशभर पसरलेली दिसते. दोन्हींच्या छोट्या नकला एका कागदावर काढल्या की जुन्या चित्रातला सपाट आकार आणि नव्या चित्रातली खोली यांतला फरक ठसतो, आणि अ‍ॅडम्स यांनी उचलले काय व सोडले काय, हे मुलाखतीशिवाय कळते.

प्रसिद्धी आणि खप

या दोन गोष्टी एका रकान्यात लिहू नयेत. लेखक डेनी ओ’नील आणि अ‍ॅडम्स यांच्या ‘ग्रीन लँटर्न’ची वर्तमानपत्रांनी दखल घेतली, पण ती मालिका १९७२ साली ८९ व्या अंकापाशी थांबली. ‘एक्स-मेन’मध्ये अ‍ॅडम्स यांचे काम ५६ ते ६३ आणि ६५ या अंकांत आहे, आणि ६७ पासून त्या मालिकेत जुन्या कथा पुन्हा छापल्या जाऊ लागल्या. आज ज्या पानांसाठी संग्राहक झुरतात, ती पाने छापली गेली तेव्हा मालिका वाचवू शकली नव्हती.

रिकाम्या वर्षांत काय चालले होते

साधारण १९७३-७४ पासून वहीतल्या ओळी विरळ होतात. डीसीच्या मुखपृष्ठांचा भार तेव्हा निक कार्डी यांच्यावर आलेला दिसतो. अशा जागी ‘उतार’ असे लिहून मोकळे होऊ नये. अ‍ॅडम्स यांनी १९७१ साली जिओर्डानो यांच्यासह कंटिन्युइटी असोसिएट्स हा स्टुडिओ काढला होता, आणि तिथे जाहिराती, चित्रफितींचे आराखडे व इतर व्यावसायिक कामे होत. कॉमिकच्या पानापेक्षा त्यात मोबदला चांगला होता. त्याच दशकात त्यांनी टारझनच्या स्वस्त आवृत्त्यांची मुखपृष्ठे रंगवली. ती रंगवलेली कामे कॉमिकच्या यादीत बसत नाहीत, पण मुखपृष्ठकाराच्या यादीत ती यायलाच हवीत. कार्डी यांनीही पुढे कॉमिक सोडून चित्रपटांच्या भित्तिचित्रांचे काम धरले. हे दोघे कॉमिकमधून बाहेर का पडले, याचा शोध घेताना कलेपेक्षा दर पानाच्या मोबदल्याकडे आधी पाहावे.

हक्क आणि मूळ कागद

त्या काळी मूळ चित्र प्रकाशकाकडेच राहत असे. कित्येक चित्रे वाटली गेली, कित्येक नष्ट झाली. चित्र छापण्याचा हक्क विकला म्हणून कागद विकला असे होत नाही, हे अ‍ॅडम्स यांचे म्हणणे होते, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून चित्रकारांना मूळ पाने परत मिळू लागली, त्यात त्यांच्या आग्रहाचा मोठा वाटा आहे. मार्व्हलचे अनेक नायक ज्यांनी घडवले त्या चित्रकार जॅक कर्बी यांना मार्व्हलकडून त्यांची उरलेली पाने मिळायला १९८७ उजाडले. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचा हक्क १३० डॉलरना दिला होता. १९७५ साली अ‍ॅडम्स आणि चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी त्यांची बाजू लावून धरली, आणि त्या वर्षअखेरीस मालक कंपनीने दोघांना निवृत्तिवेतन व कथांवर नाव देण्याचे मान्य केले. १९७८ साली नवा स्वामित्वहक्क कायदा लागू झाल्यावर चित्रकारांची संघटना बांधण्याचा अ‍ॅडम्स यांचा प्रयत्न मात्र तग धरू शकला नाही.

वहीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मूळ कागद कुठे गेला, हा रकाना म्हणजे हक्कांचा इतिहासच असतो. ‘ग्रीन लँटर्न’ ७६ च्या मुखपृष्ठाचे मूळ चित्र २०१५ साली लिलावात ४,४२,१५० डॉलरला गेले. किमतीपेक्षा लिलावाच्या वेळी प्रसिद्ध होणारी मोठी छायाचित्रे अभ्यासकाच्या कामाची असतात. त्यांत पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या, निळ्या पेन्सिलच्या खुणा, चिकटवलेले मालिकेचे नाव आणि सुटलेल्या डिंकाचे डाग दिसतात. छापील अंकात जे लपते, ते तिथे उघडे पडते. पुसलेला हात किंवा सरकवलेले डोके आढळले, तर कोणाच्या सांगण्यावरून बदल झाला, हा प्रश्न लगेच नोंदवावा.

पुनर्मुद्रणे आणि आठवणी यांपासून सावधगिरी

अ‍ॅडम्स यांच्या बॅटमन कथांचे जे संग्रह २००३ पासून निघाले, त्यांत त्यांनी स्वतः रंग नव्याने भरले आणि काही ठिकाणी रेषाही बदलल्या. ते संग्रह दिसायला देखणे आहेत, पण १९७० चे अ‍ॅडम्स कसे होते याचा पुरावा म्हणून ते वापरू नयेत. मूळ अंकात निळा, लाल आणि पिवळा यांच्या प्रत्येकी मोजक्या टक्केवाऱ्या मिसळून ६४ छटाच मिळत होत्या, आणि चित्रकाराचे अनेक निर्णय त्या मर्यादेतून आलेले आहेत. म्हणून जुन्या छापील प्रतीच्या छायाचित्रावरूनच रंगांविषयी लिहावे.

मुलाखतींचेही तसेच. अ‍ॅडम्स रंगून बोलत. ‘ब्रेव्ह अँड द बोल्ड’ ७९ (१९६८) मध्ये कथेत दिवसा घडणारे प्रसंग आपण रात्रीचे केले आणि बॅटमनला पुन्हा अंधारात नेले, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. ते मान्य करावे, परंतु त्या अंकाची पाने उघडून आकाशाचा रंग आणि खिडक्यांमधले दिवे स्वतः तपासावेत, आणि शेजारी त्याच्या आधीच्या दोन-तीन अंकांमधला बॅटमन दिवसा कुठे कुठे हिंडतो तेही लिहावे. ‘आधार’ रकान्यात मग ‘मुलाखत व पाने’ असे दोन्ही येईल.

अखेरच्या वर्षांच्या ओळी भरताना एक वेगळी खूण ठेवावी लागते. २८ एप्रिल २०२२ रोजी निधन होईपर्यंत अ‍ॅडम्स चित्रे काढत होते, आणि त्यांत चाहत्यांसाठी केलेल्या आपल्याच जुन्या मुखपृष्ठांच्या नव्या आवृत्त्याही होत्या. अशा चित्राखालची तारीख वाचल्याशिवाय ते १९७० च्या यादीत टाकू नये. त्यासाठी वहीच्या मागच्या बाजूला वेगळे पान राखावे, आणि त्या पानावर प्रत्येक चित्रापुढे मूळ अंकाचा क्रमांक आणि नव्या चित्राचे वर्ष, असे दोन्ही आकडे लिहावेत.